चावडीचा धनी कोण?



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्यास आता दीडशे वर्षे होऊन गेली. उन्हाळ्याची संध्याकाळ, पाणी शिंपडलेले अंगण, त्यावर अंथरलेल्या सतरंज्या आणि एका मेजावर पाण्याचा तांब्या, एवढ्या भांडवलावर हा उद्योग महाराष्ट्रभर पसरला. वक्त्याला प्रवासखर्च मिळतो, अध्यक्षांना हार मिळतो. सतरंज्या घालणाऱ्याला काहीच मिळत नाही. तरी तो दरवर्षी येतो. आता समजा, उद्या एखादे फर्मान निघाले की या मांडवात जो कोणी जे काही बोलेल, त्याचा जाब सतरंज्या घालणाऱ्यास द्यावा लागेल. वक्ता चुकला तर याला बोलावणे, श्रोत्यांतून कुणी वेडेवाकडे ओरडला तर याला बोलावणे. पुढल्या वर्षी सतरंज्या कोण घालील, हा प्रश्न आम्ही आपणांस विचारीत आहोत.

कल्पना अतिशयोक्त वाटेल. परंतु ब्रह्मपुरीच्या बाजूचे एक शिक्षक आमच्या परिचयाचे आहेत, त्यांच्या बाबतीत ती पुष्कळशी खरी ठरली. या गृहस्थांनी आपल्या व शेजारच्या दोन-तीन गावांसाठी मोबाइलवर एक ग्रुप चालवला होता. कुणाची म्हैस हरवली, धानाचे चुकारे आले की नाही, रेशनचे दुकान केव्हा उघडणार, कुणाच्या घरी मयत झाली, ही त्यावरची बातमी. आणि या सर्वांहून महत्त्वाची बातमी म्हणजे वाघ कोणत्या बाजूला आहे ती. जंगलाला लागून ज्यांची शेते आहेत, मोहफुले व तेंदूपाने वेचायला ज्यांना पहाटे रानात शिरावे लागते, त्यांना ही बातमी वर्तमानपत्रापेक्षा मोलाची असते, हे चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला सांगावयास नको. एके दिवशी कुणीतरी भलत्याच मुलखातले एक छायाचित्र त्या ग्रुपवर टाकले आणि खाली गावच्या नाल्याचे नाव लिहिले. अर्ध्या तासात काठ्या घेतलेली दोनशे माणसे नाल्यावर जमली. वनरक्षकांनी समजूत घालून त्यांना परत पाठवले. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. दुसऱ्या दिवशी शिक्षकांस एका कार्यालयातून बोलावणे आले. त्यांनी ते छायाचित्र टाकले नव्हते, ते आले तेव्हा हे वर्गात शिकवीत होते. तरी प्रश्न एकच: ग्रुप तुमचाच ना?

हा प्रश्न नवा नाही, आणि आजचा आमचा विषय या प्रश्नाचा इतिहास हाच आहे. आम्ही वकील नाही. कायद्याचा सल्ला आमच्याकडून कोणी घेऊ नये. परंतु दहा माणसे जमून बोलू लागली की सत्ता त्यांच्यातल्या कोणाचा हात धरते, याचा मागोवा घेण्यास वकिलीची सनद लागत नाही.

प्रथम १८६७ सालाकडे जाऊ. त्या वर्षी छापखाने व पुस्तके यांच्या नोंदणीचा कायदा झाला. छापखाना ठेवणाऱ्याने मॅजिस्ट्रेटपुढे जाहीरनामा करावा आणि प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव व छपाईचे ठिकाण घालावे, असे त्यात होते. हा कायदा दीडशेहून अधिक वर्षे टिकला. त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा आला तो १ मार्च २०२४ पासून. जुन्या कायद्यात शिळाप्रेसची छपाई धरलेली होती, सायक्लोस्टाइलही धरलेले होते. हाताने लिहिलेला कागद मात्र सुटला. शाळांतून, वाचनालयांतून जी हस्तलिखित मासिके निघत, एकच प्रत दहा घरी फिरे आणि शेवटी तिला तेलाचे डाग पडून ती कपाटात जाई, त्यांच्या संपादकास कोणी मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले नाही. हे कायदा करणाऱ्याच्या मनात होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्यामुळे लहान माणसाच्या हातांत एक जागा राहिली, एवढे खरे.

१८७८ साली लॉर्ड लिटनने देशी भाषांतील पत्रांसाठी निराळा कायदा केला. मॅजिस्ट्रेटने मुचलका मागावा, जामीन घ्यावा, आणि त्याच्या निर्णयावर न्यायालयात दाद नाही, असे त्याचे स्वरूप. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. म्हणून कलकत्त्याची ‘अमृत बझार पत्रिका’ एका रात्रीत इंग्रजी झाली. ही गोष्ट आपण शाळेत कौतुकाने वाचली आहे. तिची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. ज्याच्यापाशी इंग्रजी लिहिणारी माणसे होती तो निसटला. ज्याच्यापाशी नव्हती तो कायद्याखाली राहिला. कायदा सर्वांसाठी सारखा लिहिला तरी त्यातून निसटण्याची शक्ती सर्वांपाशी सारखी नसते. लॉर्ड रिपनच्या अमदानीत, चार वर्षांच्या आत, हा कायदा मागे घेतला गेला.

पुढे १९१० चा मुद्रण कायदा आला. नवीन छापखाना काढणाऱ्याने पाचशे ते दोन हजार रुपये जामीन ठेवावा, मॅजिस्ट्रेटची मर्जी असेल तर तो माफ होईल, असे त्यात कलम होते. ‘मर्जी असेल तर’ हे शब्द आपण ध्यानात ठेवावे. त्या काळचे पाचशे रुपये म्हणजे शाळामास्तरास कैक महिने राबून मिळणारी रक्कम. बड्या छापखान्याने ती भरली, धंद्याच्या खर्चात घातली आणि काम पुढे चालवले. हौसेने किंवा देशकार्य म्हणून पत्र चालवणाऱ्याला ती कुठून आणावी असा प्रश्न पडला. शिवराम महादेव परांजपे यांचे ‘काळ’ पत्र याच साली दहा हजारांच्या जामिनाच्या मागणीपुढे बंद पडले. परांजपे हे काही अज्ञात गृहस्थ नव्हते, त्यांच्या लेखणीची कीर्ती महाराष्ट्रभर होती. त्यांची ही गत झाली, तर ज्यांची नावे कुठल्याच ग्रंथात आली नाहीत अशा तालुक्याच्या गावच्या पत्रांचे काय झाले असेल, याचा तर्क श्रोत्यांनी करावा. न निघालेल्या पत्रांची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही. आमच्या मते या कायद्याच्या इतिहासातील सर्वांत मोठे प्रकरण तेच आहे आणि ते लिहिता येत नाही. हा कायदा १९२२ साली गेला, आणि १९३१ साली जामिनाची कल्पना नव्या नावाने पुन्हा आली.

आता आपल्या घरची गोष्ट.

१६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. चिमूर हे तेव्हा चांदा जिल्ह्यातील एक आडबाजूचे गाव. मुंबईच्या ठरावाला आठवडा झाला होता, पुढारी तुरुंगात होते, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी त्या भागातील गावे आधीच जागी झाली होती. मिरवणूक निघाली, गोळीबार झाला, माणसे पडली. मग जमाव खवळला आणि त्याच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले. ही दुसरी गोष्टही आम्ही मुद्दाम सांगतो, कारण इतिहासात आपल्या बाजूचे रक्त आणि दुसऱ्या बाजूचे रक्त असा भेद करून चालत नाही. तीन दिवसांनी लष्कर व गोरे सोजीर आले आणि गावावर जे गुदरले, विशेषतः स्त्रियांवर, त्याच्या कथा हळूहळू बाहेर येऊ लागल्या.

हळूहळू असे आम्ही म्हणतो, कारण बाहेर येण्याचे मार्ग बंद होते. युद्धकाळ होता, भारत संरक्षण नियम लागू होते, आणि प्रांतिक सरकारने बातमीवर बंधन घातले. कारण देण्यात आले ते सार्वजनिक सुरक्षिततेचे. ते अगदीच खोटे होते असे म्हणता येणार नाही. अधिकारी मारले गेले होते, आणि अफवांनी आणखी ठिकाणी आग लागेल ही धास्ती कोणत्याही सरकारला वाटली असती. परंतु बातमी बंद केल्याने बोलणे बंद होत नाही. ते कानांतून कानांत जाऊ लागते, आणि मग त्यात खरे किती आणि भर किती हे ठरवायला कोणीच उरत नाही. छापणारा निदान नावानिशी जबाबदार असतो; कुजबुजीला मुद्रक नसतो. शेवटी डॉ. मुंजे यांच्यासारख्यांना स्वतः चिमूरला जाऊन लोकांच्या तोंडून हकीकत ऐकावी लागली. सरकार चौकशीला तयार होईना.

तेव्हा प्राध्यापक भणसाळी उठले. गांधीजींच्या आश्रमातील हा विलक्षण तपस्वी मनुष्य. निःपक्षपाती चौकशी व्हावी एवढ्या मागणीसाठी त्यांनी उपोषण मांडले, प्रथम दिल्लीस बापूजी अणे यांच्या दारी, कारण अणे हे वऱ्हाडचे, आपल्या भागाचे, आणि तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते, नंतर सेवाग्रामला. उपोषण ६३ दिवस चालले. सरकारने काय केले असेल? उपोषणाची बातमीही छापू नये असा हुकूम काढला. एक मनुष्य देशाच्या मध्यभागी अन्नावाचून झिजत आहे आणि ते देशाला कळू द्यायचे नाही, अशी ही सुरक्षितता होती.

तेव्हा वृत्तपत्रांनी जे केले ते आम्हांस आजच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे वाटते. संपादक परिषदेने ठरवले की नववर्षाची किताबांची यादी छापायची नाही, सरकारी वाड्यांतून येणारी परिपत्रके छापायची नाहीत, आणि ६ जानेवारी १९४३ रोजी देशातील वृत्तपत्रे एक दिवस बंद राहिली. १२ जानेवारीस तडजोड होऊन भणसाळींनी उपोषण सोडले आणि बातमीवरील बंदी उठली. हे त्यांना करता आले ते कशाच्या बळावर? परिषद होती, संघटना होती, सरकारला त्यांच्या कागदाची गरज होती. चिमूरच्या चावडीवर बसून बोलणाऱ्यांची परिषद नव्हती. त्यांचे तोंड बंद झाले ते उघडायला दिल्ली-मुंबईच्या संपादकांना एक दिवस आपले तोंड बंद करावे लागले. आम्ही हा प्रसंग जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मनात येते की लहानांच्या मदतीला मोठे प्रत्येक वेळी येतीलच असे नाही.

चिमूरपासून जरा हलक्या विषयाकडे वळू, पण फार दूर नाही. आपली झाडीपट्टीची रंगभूमी. दिवाळी झाली, धान कापून खळ्यात आले, की वडशाच्या नाटक मंडळ्यांचे तंबू-पडदे गावोगाव निघतात. मंडई असेल, शंकरपट असेल, त्या निमित्ताने गावातील तरुण मंडळ नाटक ठरवते, तिकिटे खपवते, मांडव घालते. पहिली घंटा रात्री दहाच्या सुमारास आणि शेवटचा पडदा पहाटे. या रंगभूमीवर उभे आयुष्य घालवणारे गडचिरोली जिल्ह्यातील डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या पुष्कळ रसिकांना असे काही नाटक आहे हे पहिल्यांदा कळले.

आता या नाटकावर किती कायदे बसले आहेत पाहा. १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा बंगालमधील नाटकांच्या भीतीने झाला. तो इथेही होता, आणि २०१८ साली, म्हणजे १४२ वर्षांनंतर, त्याचे औपचारिक दफन झाले. संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाला दाखवण्याची महाराष्ट्रातील पद्धत निराळी. आणि त्यावर कळस म्हणजे २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम: रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद, राज्य सरकारने सवलत दिलीच तर वर्षातून पंधरा दिवस, तीही मध्यरात्रीपर्यंत. नियम चांगला आहे. मुंबईतील रुग्णालयाच्या खिडकीशी रात्री बारा वाजता कर्णा लागला तर काय होते हे ज्याने भोगले आहे तो या नियमाला दुवा देईल. परंतु जिथे सारे गाव, म्हाताऱ्याकोताऱ्यांसह, नाटकाला येऊन बसले आहे आणि पलीकडे नुसते जंगल आहे, तिथे झोप मोडली कुणाची? नियमाने ही शंका विचारली नाही, कारण नियम लिहिताना झाडीपट्टी कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हती. मग व्यवहारात काय होते? नियम अक्षरशः पाळला तर नाटक मध्यंतरालाच संपेल. नाही पाळला तर मंडळाचा अध्यक्ष, एक पंचवीस वर्षांचा पोरगा, कुणाच्या तरी मर्जीवर. १९१० च्या कायद्यातील ‘मर्जी’ हा शब्द ध्यानात ठेवा असे आम्ही म्हणालो होतो तो याचसाठी.

एवढी पूर्वपीठिका झाल्यावर मोबाइलकडे येणे सोपे जाईल.

माहिती तंत्रज्ञानाचा कायदा २००० साली झाला. त्याच्या ७९ व्या कलमात एक शहाणपणाचे तत्त्व आहे: निरोप पोहोचवणाऱ्याला, म्हणजे मध्यस्थाला, त्या निरोपाबद्दल शिक्षा करू नये, मात्र त्याने योग्य ती दक्षता घेतलेली असावी. पोस्टमनला पत्रातील शिवीबद्दल कोणी पकडत नाही, तसेच हे. पुढे २००८ च्या दुरुस्तीने ६६-अ हे कलम आले आणि ते इतके सैल होते की त्रासदायक वाटणारे काहीही त्यात बसावे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने दोन ओळी लिहिल्या आणि दुसरीने त्यांना नुसती पसंती दाखवली. दोघींनाही अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात ते कलम रद्द केले. त्याच निकालात असेही ठरले की मध्यस्थाने कुणाच्याही तक्रारीवरून स्वतः न्यायाधीश होऊन बसण्याचे कारण नाही. न्यायालयाचा हुकूम किंवा सरकारची अधिसूचना आली की त्याने मजकूर काढावा. निकालाचा हा भाग वर्तमानपत्रांत कमी गाजला. लहान चालकांच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा.

परंतु श्रोतेहो, १ जुलै २०१८ विसरून आपल्याला पुढे जाता येणार नाही. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे, भिक्षा मागत फिरणारी, मुले पळवणारी समजून जमावाने ठेचून मारली. मोबाइलवरून फिरलेल्या अफवेने त्यांचा जीव घेतला. आठवडी बाजाराचा दिवस होता. ज्या काठ्या आमच्या शिक्षकमित्राच्या नाल्यावर जमल्या, त्याच काठ्या तिथे होत्या. फरक एवढाच की कुणी समजूत घालून त्यांना परत पाठवले नाही. कंपनीने त्याच महिन्यात भारतात एकाच वेळी पाचांहून अधिक ठिकाणी निरोप पुढे ढकलण्यास मनाई केली. तेव्हा नियम नकोतच असे जो म्हणेल, त्याला आम्ही राईनपाड्याचे नाव सांगू. प्रश्न नियम असावा की नसावा हा राहिलेला नाही. तो कोणाच्या मापाने बेतावा हा आहे.

२५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने मध्यस्थांसाठी नवे नियम जाहीर केले. त्यांत मोठा आणि लहान असा भेद केलेला होता, हे श्रेय सरकारला दिले पाहिजे. पन्नास लाखांहून अधिक नोंदलेले वापरकर्ते असतील तो मोठा मध्यस्थ; त्याने स्वतंत्र अधिकारी नेमावे, अहवाल काढावे, असे बरेच काही. आता माप पाहा. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या २२,०४,३०७ आणि गडचिरोलीची १०,७२,९४२. दोन्ही जिल्ह्यांतील पाळण्यातल्या पोरासकट सर्वांची नोंद केली तरी ३३ लाख भरत नाहीत. म्हणजे या मापाने आपण सगळे मिळूनही लहानच. ठीक आहे. परंतु लहानांसाठी जी कर्तव्ये ठेवली, त्यांना खाली पायरीच नव्हती. तक्रार अधिकाऱ्याचे नाव जाहीर करा, तक्रारीची पोच २४ तासांत द्या, निकाल १५ दिवसांत लावा, हुकूम आल्यावर ३६ तासांत मजकूर काढा, असे २०२१ च्या त्या नियमांत होते. हे चुकले तर ७९ व्या कलमाचे छत्र गेले. पन्नास हजारांच्या संस्थेला हे, आणि पन्नास माणसांसाठी एखाद्या निवृत्त वनाधिकाऱ्याने स्वखर्चाने चालवलेल्या पक्षिनिरीक्षकांच्या चर्चास्थळालाही हेच. १९१० चा जामीन पैशाचा होता. हा जामीन वेळेचा आहे. स्वयंसेवकापाशी पैसा नसतो हे सर्वांना कळते, वेळही उसना आणलेला असतो हे मात्र कोणी विचारात घेत नाही. पर्लकोटेला पूर येऊन भामरागड बाकीच्या जगापासून तुटल्याचे आपण कितीतरी पावसाळ्यांत पाहिले आहे. तिथल्या चालकाने २४ तासांत पोच कशी द्यावी?

या नियमांवर मुंबई उच्च न्यायालयात वाद झाले. वृत्त-प्रकाशकांसाठी घातलेल्या आचारसंहितेच्या दोन पोटनियमांना, निखिल वागळे व ‘लीफलेट’ यांच्या याचिकांवर, १४ ऑगस्ट २०२१ रोजी स्थगिती मिळाली. सरकारी कामकाजाविषयीचे खरेखोटे सरकारनेच ठरवण्याचा २०२३ चा नियम सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द ठरला. हे मोठ्यांचे सामने. त्यांत आम्ही फार रेंगाळत नाही.

परदेशातही हीच तऱ्हा दिसते. इंग्लंडने २०२३ साली मुलांच्या व नागरिकांच्या सुरक्षिततेसाठी मोठा कायदा केला. दंडाची कमाल मर्यादा एक कोटी ऐंशी लाख पौंड किंवा जागतिक उलाढालीच्या दहा टक्के, यांपैकी जी अधिक असेल ती. लंडनच्या सायकलस्वारांचे एक चर्चास्थळ वर्षानुवर्षे हौसेने चाललेले होते. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच्या चालकाने जाहीर केले की ही जोखीम एका माणसाला पेलणारी नाही, तेव्हा कायदा लागू होण्याच्या आदल्या दिवशी आपण ते बंद करू. नियामक मंडळाचे म्हणणे असे की लहानांवरचा बोजा हलका ठेवला आहे. असेलही. परंतु एवढ्या दंडाचा आकडा वाचल्यावर ‘तुला बहुधा होणार नाही’ हे आश्वासन कोणत्या प्रपंची माणसाला झोप देईल?

आणि अशी माणसे जातात कुठे? बोलणे तर त्यांना सोडवत नाही. मग आपली झोपडी मोडून ती बड्या वाड्यात भाडेकरू होतात. कंपनीच्या ग्रुपमध्ये शिरले की नियमांचा बोजा कंपनीचा, अधिकारी तिचे, वकील तिचे. बड्या कंपन्यांना लगाम घालण्यासाठी केलेला कायदा लहानांना त्यांच्याच दारात नेऊन सोडतो, ही या प्रकरणातील आमच्या मते सर्वांत विपरीत गोष्ट. वाड्यात आल्यावर तरी भाडेकरू सुरक्षित असतो का? याचे उत्तर आपल्या शेजारच्याच तालुक्याने दिले आहे.

गोंदियाहून चांदाफोर्टकडे येणाऱ्या गाडीने वडसा येण्यापूर्वी अर्जुनी लागते. अर्जुनी मोरगाव, झाडीपट्टीचाच मुलूख. तेथे २०१६ साली व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये एका सभासदाने एका स्त्री-सभासदाविषयी अश्लाघ्य भाषा वापरली. तिने ग्रुप चालवणाऱ्याकडे, म्हणजे ज्याला सर्वजण ॲडमिन म्हणतात त्याच्याकडे, दाद मागितली. त्याने त्या सभासदाला काढले नाही, माफीही मागायला लावली नाही. बाईंनी फिर्याद केली आणि आरोपींत ॲडमिनही आला. आम्ही त्या बाईंच्या बाजूने प्रथम बोलू. अपमान खरा होता, आणि ज्याच्या घरात झाला त्याने खांदे उडवले, हेही दुखण्यासारखे होते. गावात चारचौघांत असे झाले असते तर यजमानाला लोकांनी विचारले असते.

परंतु यजमानाला लोकांनी विचारणे निराळे आणि फौजदारीत उभे करणे निराळे. नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी हा भेद स्पष्ट केला. ॲडमिनला सभासद घेण्याची व काढण्याची मुभा असते, त्यापलीकडे मजकूर येण्यापूर्वी तो तपासण्याची किंवा अडवण्याची शक्ती त्याच्या हातांत नसते. पूर्वनियोजित संगनमत किंवा समान हेतू दाखवता आला नाही, तर दुसऱ्याच्या अपराधाचा भार त्याच्यावर टाकता येत नाही. जो लिहितो तो स्वतः जबाबदार. ॲडमिनविरुद्धची कारवाई रद्द झाली. निकाल मोठा नाही, परंतु त्यात सतरंजी घालणारा कोण आणि वक्ता कोण हे न्यायालयाने ओळखले. या निकालासाठी त्या माणसाला पाच वर्षे थांबावे लागले, ही बाब निकालपत्राच्या तर्कात येत नाही. त्याच्या आयुष्यात मात्र ती आली.

इथे आम्हांस मेंढा-लेखाची आठवण होते. धानोरा तालुक्यातील हे गोंडांचे गाव २००९ साली आपल्या अठराशे हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्कासाठी प्रसिद्ध झाले. त्याहून जुनी त्यांची एक रीत आहे. गावात अभ्यास गट बसतो. त्यात बाहेरचा माणूस येऊ शकतो, कोणीही काहीही विचारू शकतो, चुकीचेही बोलू शकतो. या गटाला निर्णयाचा अधिकार नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तो सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असेल तर पुन्हा बसायचे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्यांनी ही रीत जोपासली. बोलण्याची जागा आणि ठरवण्याची जागा त्यांनी वेगळ्या ठेवल्या, म्हणून बोलण्याच्या जागेला भिंती घालाव्या लागल्या नाहीत. कुणी आगळीक केली तर त्याला विचारणारे त्याच बैठकीत बसलेले असतात, आणि दुसऱ्या दिवशी बांधावर भेटणारेही तेच. दिल्लीत बसून नियम लिहिणाऱ्याला दोनशे माणसांचा एकमेकांवरचा हा धाक दिसत नाही, तो मोजण्याचे साधन त्याच्यापाशी नाही. म्हणून तो अधिकारी नेमायला सांगतो. पन्नास लाखांच्या ठिकाणी तो योग्यच करतो, कारण तिथे कोणी कोणाला बांधावर भेटत नाही.

आमचे म्हणणे इतकेच की जशी वरची पायरी पन्नास लाखांवर कापली, तशी खालची एक पायरीही कापावी: जिथे चालवणारा मोबदला घेत नाही, जाहिरात घेत नाही आणि माणसे काही शेकड्यांवर जात नाहीत, तिथे न्यायालयाचा हुकूम आल्यावर मजकूर काढणे एवढेच कर्तव्य ठेवावे, आणि तेही तो रानातून घरी परतल्यावर. हजारो माणसांपर्यंत अफवा ढकलणारी यंत्रे ज्यांच्या हातांत आहेत त्यांना मात्र सूट नको. राईनपाड्याचा निरोप एका ग्रुपमध्ये थांबला असता तर ती पाच माणसे त्या दिवशी घरी गेली असती.

आमच्या शिक्षकमित्रांचे पुढे काय झाले, हे काहींच्या मनात असेल. त्यांच्यावर काही कारवाई झाली नाही. समज देऊन त्यांना सोडले. घरी आल्यावर त्यांनी मोबाइलमध्ये एक कळ दाबली. आता त्या ग्रुपवर फक्त तेच लिहू शकतात. नागपूरच्या निकालाची प्रत आम्ही त्यांना नेऊन दिली. त्यांनी ती वाचली, घडी करून हजेरीपटात ठेवली आणि म्हणाले, निकाल चांगला आहे साहेब, पण मला नागपूरला कशाला जायचे? ते सकाळी एकदा रेशनची बातमी टाकतात, संध्याकाळी मयताची. वाघ दिसला तर पाहणाऱ्याने त्यांना फोन करायचा, त्यांनी खात्री करायची आणि मग लिहायचे, असे ठरले आहे. ते वर्गात असले की फोन बंद असतो. गेल्या तेंदूच्या हंगामात आम्ही त्या गावी गेलो होतो तेव्हा एक म्हातारी पहाटे निघालेल्या बायांना वेशीवर उभी राहून सांगत होती, नाल्याकडून जाऊ नका, काल तिकडे पाय दिसले म्हणतात. कुणी पाहिले, हे तिलाही ठाऊक नव्हते.